मागच्या आसनावरचा माणूस

गवत कापायला कोणी विलायतेला जाते काय? पण मी गेलो. म्हणजे खरे तर मुलीकडे गेलो होतो. परत आल्यावर जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" आणि माझ्या तोंडून लंडनचा पूल किंवा राजवाडा निघण्याऐवजी पहिल्यांदा गवतच निघते. आमची ही म्हणते, "अहो, लोकांना वाटेल, ह्यांना तिकडे गुराख्याची नोकरी लागली होती!" तेव्हा हा गैरसमज एकदाचा दूर व्हावा म्हणून सगळी हकीकत लिहून काढतो.

मुलगी-जावई लीड्सला असतात. गेल्या वर्षी जुलै महिन्यात त्यांनी पंधरा दिवसांसाठी स्वेलडेल खोऱ्यात एक छोटे दगडी घर भाड्याने घेतले होते. यॉर्कशर परगण्याच्या उत्तरेला स्वेल नावाची नदी आहे. तिचे हे खोरे. दोन्ही बाजूंना उघडे-बोडके डोंगर आणि मधे हिरवीगार कुरणे. कुरणांना कुंपण तारेचे नाही. चुना-मातीचा कणही न वापरता नुसते दगडावर दगड रचून केलेले गडगे मैलोन् मैल चढत-उतरत गेलेले. कोकणातल्या माणसाला पाहताक्षणी घरी आल्यासारखे वाटावे! आणि दर एक-दोन कुरणांआड एक दुमजली दगडी कोठार. खाली गाईंचा गोठा, वर गवताचा माळा. ज्या कुरणाचे गवत त्याच कुरणातल्या माळ्यावर भरायचे, हिवाळ्यात तिथेच गुरांना घालायचे आणि शेण पुन्हा त्याच कुरणात पसरायचे, असा तो जुना हिशेब. आता बहुतेक कोठारे रिकामी आहेत. आमच्या शेजारचे मात्र नव्हते.

पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो, तोच हातोडीचा आवाज आला. माझी सारी नोकरी मोटारींच्या वर्कशॉपात गेली. छत्तीस वर्षे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज ऐकलेला माणूस असा आवाज आला की स्वस्थ बसू शकत नाही. कप तसाच ठेवून मी गडग्यापलीकडे डोकावलो.

कोठाराच्या दारात ऐंशी-ब्याऐंशी वर्षांचे एक उंच, वाळलेले म्हातारबुवा बसले होते. समोर ऐरण, ऐरणीवर पाच-सहा फूट लांबीची पोलादी पट्टी, आणि पट्टीवर ओळीने जडवलेली त्रिकोणी पाती. त्यांतले एक पाते तुटले होते आणि बुवा त्या जागी नवे बसवू पाहत होते. एका हाताने पट्टी धरली की रिव्हेट निसटायचे. रिव्हेट धरले की पट्टी डगमगायची. हे काम दोन हातांचे नव्हतेच. मी फाटक ढकलून आत गेलो आणि एक शब्द न बोलता पट्टीचे दुसरे टोक धरले. बुवांनी माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि तीन ठोक्यांत रिव्हेट बसवून टाकले. मग ते म्हणाले, "हे काम पूर्वी केलेलं दिसतंय तुम्ही."

"हेच नाही, पण ह्याची भावंडं पुष्कळ पाहिलीत," मी म्हणालो.

झाली ओळख! इंग्रज माणूस हवेखेरीज दुसऱ्या विषयावर बोलत नाही असे ऐकले होते. पण यंत्रापुढे सगळ्यांची भाषा एकच असते. पुढल्या दहा मिनिटांत मला त्यांचा सगळा कारखाना पाहायला मिळाला.

आत एक राखाडी रंगाचा बुटका ट्रॅक्टर उभा होता: फर्ग्युसन टीई-२०. आजच्या अजस्र ट्रॅक्टरांपुढे हा म्हणजे बैलाशेजारी उभे केलेले वासरू. वजन सव्वा टनाच्या आत, पुढे जायचे चार गिअर आणि मागे यायचा एक. गंमत म्हणजे गाडी सुरू करायला वेगळी किल्ली-बटण नाही. गिअरचा दांडाच एका ठराविक जागी नेला की स्टार्टर फिरतो. त्यामुळे गाडी गिअरमध्ये असताना चुकून सुरू होणे अशक्यच! पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या माणसाने केलेली ही साधी, बिनखर्चाची युक्ती पाहून मी मनातल्या मनात टोपी काढली.

ही अक्कल हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाची. १८८४ साली एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा गृहस्थ मोठा हरहुन्नरी. १९०९ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी स्वतः बांधलेले विमान त्याने उडवले. आयर्लंडच्या भूमीवरून झालेले ते पहिले उड्डाण. पुढे त्याने नांगराकडे लक्ष वळवले. तोवर ट्रॅक्टरमागे नांगर बैलाच्या मागे बांधावा तसाच बांधत. नांगर खडकाला अडला की पुढचा ट्रॅक्टर घोड्यासारखा उधळून मागे उलटे आणि चालक खाली सापडे. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने वर-खाली होईल अशी व्यवस्था केली. यंत्र आणि अवजार मिळून एकच अंग झाले. आज आपल्याकडे ऊस-कापसाच्या पट्ट्यात जो कोणता ट्रॅक्टर दिसेल, त्याच्या पाठीमागे हीच त्रिकोणी जोडणी असते.

१९३८ साली फर्ग्युसनने हेन्री फोर्डशी केवळ हात मिळवून, एक कागदही न लिहिता भागी केली. ती पुढे मोडली, खटला झाला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरांवर तडजोड झाली. दरम्यान १९४६ ते १९५६ ह्या दहा वर्षांत कॉव्हेंट्री शहरात ह्या राखाडी वासरांची पाच लाखांहून अधिक पिल्ले बाहेर पडली. एव्हरेस्टवीर हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो ह्याच ट्रॅक्टरांवर बसून! फर्ग्युसनची कंपनी १९५३ मध्ये मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली. त्या घराण्याचे लाल ट्रॅक्टर १९६० नंतर मद्रासेत बनू लागले आणि आपल्या खेड्यापाड्यांत 'मॅसी' हे नाव झाले. म्हणजे साखर कारखान्याच्या वाटेवर उसाची गाडी ओढताना आपण जो पाहतो, त्याचा आजोबाच माझ्यासमोर उभा होता.

पण मला खरे वेड लावले ते त्याच्यामागे जोडलेल्या यंत्राने. हे गवत कापायचे यंत्र ट्रॅक्टरच्याही आधीचे, घोड्याच्या काळातले! बुवांच्या आजोबांनी घेतलेले. वडिलांनी घोडे विकले, ट्रॅक्टर आणला आणि ह्या यंत्राचा लांब दांडा करवतीने आखूड करून ते ट्रॅक्टरमागे अडकवले. स्वेलडेलमध्ये तेव्हा पुष्कळांनी असेच केले. नवे यंत्र घ्यायला पैसे कोणाकडे होते?

त्याची रचना पाहा. दोन दणकट लोखंडी चाके. ती जमिनीवर फिरतात तोवरच यंत्राला गती. ट्रॅक्टरच्या इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही. चाकांच्या फिरण्याने दातेरी चक्रे फिरतात, चक्रांनी एक तबकडी फिरते, आणि तबकडीला मध्यापासून जरा बाजूला एक लाकडी दांडा जोडलेला असतो. हा दांडा ती पात्यांची पट्टी मागे-पुढे, मागे-पुढे झपाट्याने सरकवतो. पाती सरकतात ती लोखंडी बोटांच्या ओळीतून. बोटे गवत धरतात, पाती कापतात. न्हाव्याचे केस कापायचे यंत्र आठवा. तेच, फक्त पाच फूट रुंदीचे! अमेरिकेत मॅकॉर्मिकने १८३१ मध्ये धान्य कापायचे यंत्र लोकांना दाखवले त्यातही हीच मागे-पुढे सरकणारी पट्टी होती, आणि आज पंजाबातून आपल्याकडे गहू काढायला येणाऱ्या प्रचंड यंत्रांच्या तोंडाशीही तीच आहे.

ह्या यंत्राच्या मागे एक लोखंडी आसन होते. जाळीदार, बसणाऱ्याच्या बैठकीला बरोबर बसेल असे खोलगट. शेजारी एक लांब तरफ. पूर्वी त्या आसनावर बसूनच घोडे हाकत आणि दगड-धोंडा आला की तरफ ओढून पाती वर उचलत. ट्रॅक्टर आला तेव्हा हाकणारा पुढे गेला. पण तरफ राहिली मागेच. म्हणजे आता दोन माणसे आली: एक पुढे, एक मागे.

"मागे कोण बसतं?" मी विचारले.

बुवा जरा वेळ कानसीने पात्याला धार लावत राहिले. मग म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं माझी बायको बसत होती."

ती दोन वर्षांपूर्वी गेली. त्याच्या पुढच्या मोसमात पुतण्याने एक कंत्राटदार बोलावला. मोठा ट्रॅक्टर, गोल फिरणाऱ्या पात्यांचे रुंद यंत्र. कुरण अडीच एकरांचे. कापून झाले तोवर बुवांचा चहाही संपला नव्हता. नंतर ते कुरणात फेरी मारायला गेले तेव्हा त्यांना सशाची तीन पिल्ले सापडली. सापडली म्हणजे काय, ते सांगायची गरज नाही. सशाचे पिल्लू संकट आले की पळत नाही. जमिनीला चिकटून निश्चल पडून राहते. कोल्ह्यापुढे ही युक्ती चालते, यंत्रापुढे चालत नाही. "कंत्राटदाराचा दोष नाही," बुवा म्हणाले. "काचेच्या खोलीत, इतक्या उंचावर आणि इतक्या वेगात त्याला दिसणार काय? पण आमच्या कुरणात असं कधी झालं नव्हतं. ती मागे बसून बघत असायची."

यंदा त्यांनी पुतण्याला सांगून टाकले होते की गवत आपल्याच यंत्राने कापीन. पुतण्या म्हणाला, "मागे कोण बसणार? विकून टाका ते भंगार."

मी त्या लोखंडी आसनाकडे पाहिले. माझे वय तेव्हा सत्तर पुरे. आमची ही जवळ नव्हती, त्यामुळे सल्ला घ्यायचाही प्रश्न नव्हता. मी म्हणालो, "मी बसतो."

गवत केव्हा कापायचे ह्याला पंचांग नाही. पण बुवांचे एक पंचांग होते. संध्याकाळी आम्ही दोघे नवरा-बायको, मुलगी-जावई असे सगळे कुरण पाहायला गेलो. त्याला गवताचे रान म्हणावे की फुलांचे, हा प्रश्नच होता. जांभळी, पिवळी, पांढरी, तांबूस. एका पावलात दहा जातींची रोपटी. त्यांत एक पिवळ्या फुलांचे झाड होते, त्याची फुले सरून शेंगा वाळल्या होत्या. बुवांनी एक झाड हलवले. आत बिया खुळखुळल्या. "हे वाजायला लागलं की गवत कापायला आलं," ते म्हणाले.

आमच्या हिने टाळीच वाजवली. "अगंबाई, हा तर आपला खुळखुळा!" आपल्याकडे माळरानावर, घाटात जो खुळखुळा होतो तो जातीने वेगळा, पण आवाज तोच. ह्या विलायती खुळखुळ्याची करामत अशी की तो आपली मुळे गवताच्या मुळांत घुसवून त्याचे अन्न चोरतो. गवत जरा अशक्त होते आणि म्हणूनच मधल्या फटींत इतर फुलझाडांना जागा मिळते. त्याला बी धरायला वेळ मिळाला पाहिजे. म्हणून कापणी उशिरा, जुलैच्या मध्यावर. भरघोस खत घालून, मे महिन्यापासून दोन-तीनदा कापून, ओलेच गवत मुरवून ठेवायची आधुनिक पद्धत आली तशी ही फुलांची कुरणे गेली. १९३० नंतरच्या काळात इंग्लंड-वेल्समधली शंभरांतली सत्त्याण्णव गेली असे तिथले जाणकार सांगतात. उरलेल्या तिनांतल्या एकात आम्ही उभे होतो.

हिने त्या दिवशीच बुवांचे नाव 'पाटीलबुवा' ठेवून टाकले. त्यांना त्याचा अर्थ सांगितल्यावर ते लाजले.

रेडिओने चार दिवस कोरडी हवा सांगितली. पाचव्या दिवशी पाऊस. सोमवारी सकाळी दव वाळल्यावर आम्ही निघालो. पाटीलबुवा पुढे, मी मागे आसनावर. कुरणाच्या कडेने पहिली फेरी सुरू झाली आणि तो आवाज सुरू झाला! खट्खट्खट्खट्... शिवणयंत्राच्या आवाजात कोणी टांग्याची चाके मिसळावीत तसा. सगळे अंग दणदणत होते. उजव्या हाताला कमरेएवढे उभे गवत पात्यांवरून झुलत मागे येई आणि अलगद आडवे होई. जणू कोणी अंथरूण घालीत चालले आहे. पट्टीच्या टोकाला एक फळी असते, ती कापलेले गवत आत सारते, म्हणजे पुढच्या फेरीला चाकाची वाट मोकळी राहते. बाजूने चालणाऱ्या माणसाने गप्पा मारीत यावे एवढाच आमचा वेग. एकराला तासभर तरी लागावा.

आणि त्या वेगाला, त्या उंचीवरून, सगळे दिसते. बेडूक उडी मारताना दिसतो. पाकोळीसारखे पक्षी उडालेल्या किड्यांसाठी आपल्याभोवती घिरट्या घालतात ते दिसतात. तिसऱ्या फेरीला मला गवतात एक तपकिरी गोळा दिसला. मातीचे ढेकूळ समजून सोडणार होतो, इतक्यात त्या ढेकळाला डोळा असल्याचे ध्यानात आले. मी जीव खाऊन तरफ ओढली. पाती वर उचलली गेली, आम्ही पुढे गेलो, आणि मागे गवताचा एक हातभर झुबका उभाच राहिला. त्यात सशाचे पिल्लू तसेच बसले होते. पाटीलबुवांनी मागे वळून पाहिले, काही बोलले नाहीत. नुसता हात वर केला.

पण दैवाला एवढे सुख पाहवत नाही. दुपारी चिचुंद्रीच्या जातीच्या एका प्राण्याने उकरलेल्या ढिगाऱ्यात दगड दडला होता, तो मला दिसला नाही. काडकन् आवाज झाला आणि आमचे शिवणयंत्र गप्प झाले. पात्यांची पट्टी शाबूत होती. मोडला होता तो लाकडी दांडा. मी शरमेने लाल झालो. पाटीलबुवा म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. तो मोडण्यासाठीच आहे."

आणि खरेच, ह्यात केवढे शहाणपण होते! हाच दांडा लोखंडी असता तर धक्का थेट दातेरी चक्रांना बसून ती फुटली असती, आणि शंभर वर्षांपूर्वीची चक्रे आणायची कुठून? लाकूड धक्का पिते, आणि अगदीच झेपेना झाले तर स्वतः मोडते. घरातल्या एखाद्या सोशीक माणसासारखे! नवे लाकूड झाडाला लागते.

कोठारात अ‍ॅश ह्या झाडाच्या लाकडाचा एक जुना वासा होता. कुदळी-कुऱ्हाडींचे दांडे त्याच लाकडाचे करतात, चिवट असते. मी करवत घेतली, बुवांनी रंधा. मोडक्या दांड्याच्या मापाने नवा उतरवला, गिरमिटाने भोके पाडली, जुन्या दांड्याची लोखंडी टोके काढून ह्याला चढवली. जावई संगणकातले मोठे अधिकारी. ते विजेरी धरून उभे राहिले. खरे तर विजेरीची गरज नव्हती. तिकडे जुलैत साडेनऊ वाजेपर्यंत उजेड असतो. त्या उजेडात आम्ही उरलेले कुरण कापून पुरे केले. मला त्या रात्री जी झोप लागली तशी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून लागली नव्हती.

गवत कापणे हे अर्धे काम. खरी परीक्षा वाळवण्याची. कापतेवेळी गवतात शंभरात पंच्याहत्तर-ऐंशी भाग पाणी असते. माळ्यावर भरताना ते वीस भागांच्या आत यावे लागते. ओले भरले तर आतल्या आत कुजून तापते, आणि तापता तापता काही आठवड्यांनी आपसूक पेट घेते. अशी कोठारेच्या कोठारे जळून गेली आहेत. पेटले नाही तरी बुरशी धरते, आणि त्या बुरशीची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुफ्फुसाचा आजार होतो. त्याला तिकडे 'शेतकऱ्याचे फुफ्फुस' असेच नाव आहे. बरे, फार वाळवावे तर पाने गळून नुसत्या काड्या उरतात. म्हणून मंगळवार-बुधवार उलथापालथ. मोकळ्या जागी यंत्राने, कोपऱ्यांत लाकडी दंताळ्यांनी. आमची ही, मुलगी, सगळ्याजणी पदर-कोट खोचून उतरल्या. वाळत्या गवताचा तो गोड वास! त्यात एका जातीच्या गवतात कुमारिन नावाचे द्रव्य असते, त्याचा तो सुगंध. पण हिला कुमारिनशी काही देणेघेणे नव्हते. ती म्हणाली, "दसऱ्यानंतरच्या आमच्या डहाणूचा वास आहे हा."

बुधवारी संध्याकाळी पाटीलबुवांनी मूठभर गवत उचलून पिळले आणि म्हणाले, "भरायला हरकत नाही." आकाशाकडे पाहून त्यांना घाई झाली होती. हिने ओळीच्या तळातून एक काडी काढली, पेरे नखाने दाबले आणि मान हलवली. "नाही. पेरात पाणी आहे अजून." मी भाषांतर केले. बुवांनी पेरे दाबून पाहिले. ओठांना लावून पाहिले. मग म्हणाले, "माझी बायको असंच म्हणाली असती." गुरुवारी दुपारपर्यंत थांबायचे ठरले.

त्या संध्याकाळी गडग्याला टेकून चहा पिताना त्यांनी हिला विचारले की तुम्हांला हे कुठून कळते? तेव्हा तिने जे सांगितले ते मीही पूर्वी नीट ऐकले नव्हते.

माझे सासरे तरुणपणी डहाणू तालुक्यात एका गवताच्या व्यापाऱ्याच्या वखारीत कारकून होते. त्या भागातले गवत दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. कापीत ते वारली लोक. बायका-पुरुष दिवसभर कमरेत वाकून, विळ्याने. मजुरी मिळे ती नावाला. कित्येकांनी लग्नासाठी कर्ज काढलेले असे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको जन्मभर सावकाराकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली ह्या लोकांनी विळे खाली ठेवले. पाचशे पौंड गवत कापले की अडीच रुपये मिळालेच पाहिजेत, एवढीच मागणी. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यामागे उभे होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. पण विळे उचलले गेले नाहीत. रानात गवत उभे होते आणि वखारीत काटा रिकामा लोंबत होता. "बाबा सांगायचे," ही म्हणाली, "त्या वर्षी पहिल्यांदा मला कळलं की मी वजन करतो ते गवताचं नाही, कोणाच्या तरी पाठीचं आहे."

पाटीलबुवा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आपल्या यंत्राकडे बोट केले. "आमच्याकडे माणसं युद्धात गेली, गिरण्यांत गेली, हात महाग झाले, म्हणून हे आलं."

मला सगळे प्रकरण एकदम उलगडल्यासारखे झाले. तिकडे हात महाग झाले म्हणून यंत्र आले. इकडे हात फुकटात मिळत होते म्हणून विळा राहिला. तेव्हा जुने ते सोने असे म्हणून मी काही विळ्याच्या आरत्या ओवाळणार नाही. ज्या यंत्राने माणसाची कंबर सरळ केली त्याला माझा नमस्कारच आहे. पण यंत्र सुधारत जाते तसे ते एकेक माणूस कमी करीत जाते, आणि त्या माणसाबरोबर आणखी काय गेले ते आपण मोजत नाही. पाठीचे कष्ट गेले हे चांगलेच झाले. पण मागच्या आसनाबरोबर बघणारे डोळेही गेले, आणि एका कुरणात दिवसभर दोघांनी मिळून असणेही गेले. पाटीलबुवांचे हे ओबडधोबड यंत्र नेमके मधल्या पायरीवरचे होते: कंबर मोडत नव्हते आणि माणसाला एकटेही पाडत नव्हते.

गुरुवारी दुपारी बारा वाजता पेरे वाळली. मग जी धांदल उडाली ती विचारू नका. ट्रॅक्टरमागे गाडी, गाडीवर मुलगी, खाली मी आणि जावई काट्याने गवत वर फेकणारे. कोठाराच्या वरच्या खिडकीतून बुवा आत ओढून घेत होते, आणि आत ही ते तुडवून बसवीत होती. चारच्या सुमारास पश्चिमेचा डोंगर काळा झाला. तिसरी गाडी भरली तेव्हा पहिले थेंब आले. चौथी धावत-पळत आत गेली. कोपऱ्यातल्या दोन ओळी मात्र राहिल्या त्या राहिल्याच. आमच्या डोळ्यांदेखत भिजल्या. "मेंढ्या खातील," पाटीलबुवा म्हणाले. आम्ही सगळे घामाने आणि पावसाने चिंब होऊन कोठारात, त्या ऊबदार सुगंधात बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता. पाटीलबुवांनी माळ्याकडे एकदा वर पाहिले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बोलण्यासारखे कोणापाशीच काही नव्हते.

निघायच्या दिवशी त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षी कधी येताय?" सत्तरीच्या माणसाने ब्याऐंशीच्या माणसाला काय वायदा द्यायचा? मी म्हटले, "बघू या." त्यांनीही मान हलवली. विमानाचे भाडे आणि गुडघे, दोन्ही गोष्टी त्यांना समजत होत्या.

यंदा जुलैत आमचे जाणे झाले नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री मुलीचा फोन आला. मागे खट्खट् आवाज येत होता असे मला वाटले, पण ती म्हणाली, तो तिच्या कानातच आहे. सुट्टी घेऊन ती आणि जावई स्वेलडेलला गेले होते. पाटीलबुवा पुढे, आणि मागच्या आसनावर ती. दोनदा तरफ ओढावी लागली; एकदा दगडासाठी, एकदा पाखराच्या पिल्लासाठी. यंदा एकही ओळ भिजली नाही.

"आणि बाबा," ती म्हणाली, "तुमच्यासाठी निरोप दिलाय त्यांनी. नवा दांडा अजून शाबूत आहे."